जुन्या इंटरनेटवरचे आपल्यातले विनोद तुमच्यापर्यंत कसे पोचले? (अनुभव धागा)

धागाकर्ता:

हल्ली मीम म्हटलं की फोनवर येणारं चित्र आणि त्यावरच्या दोन ओळी एवढंच डोळ्यासमोर येतं. पण आपण नेटवर आलो तेव्हाही हे सगळं जोरात चालू होतं, फक्त त्याला मीम कोणी म्हणत नव्हतं. ठराविक वाक्य, ठराविक फॉरवर्ड, ठराविक हलतं चित्र, ते टाकलं की माहिती असणारा लगेच खूश आणि नसणारा शेजारच्याला ढोसून विचारणार, अरे हे काय आहे. मला या विचारण्याचंच जास्त कौतुक आहे. तेव्हा विनोद आपोआप समोर यायचा नाही, कोणीतरी माणूस तो आणून द्यायचा, मेल करून, फ्लॉपीत घालून, नाहीतर खुर्ची ओढून शेजारी बसवून. म्हणून नुसती यादी नको, कोणी दाखवला आणि कुठे दाखवला तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. 'कॉन' नावाचं फोल्डर. मेल यायचा की एका भारतीयाने शोध लावलाय, कॉम्प्युटरवर या नावाचं फोल्डर बनतच नाही, आणि त्याचं कारण मायक्रोसॉफ्टमध्ये कोणालाच, अगदी बिल गेट्सलाही सांगता आलेलं नाही. मग काय, कॉलेजच्या लॅबमध्ये सगळेच राइट क्लिक, न्यू फोल्डर, तीन अक्षरं, एंटर, की नाव गुपचूप परत 'न्यू फोल्डर'. पुन्हा केलं तरी तेच. आम्ही सगळे भारावलेले, आणि तेवढ्यात आमचे लॅब असिस्टंट आले, वयाने मोठे, डॉसच्या म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या जमान्यातले. काही न बोलता त्यांनी काळी विंडो उघडली, 'कॉपी कॉन' आणि पुढे एका फाइलचं नाव टाइप केलं, खाली स्वतःच्या नावाची ओळ लिहिली, कंट्रोल झेड, एंटर, आणि फाइल तयार. मग म्हणाले, कॉन म्हणजे कन्सोल, तुमचा कीबोर्ड आणि स्क्रीन. डॉसने ते नाव केव्हाच राखून ठेवलंय, तसंच प्रिंटरसाठी पीआरएन, शिवाय ऑक्स, नल. विंडोजने ते जुन्या प्रोग्रामसाठी तसंच पुढे चालवलं. गेट्सला माहीत नसायला काय झालं! त्या खोट्या मेलमुळे मी ऑपरेटिंग सिस्टिम या विषयात पहिल्यांदा मनापासून शिरलो, म्हणून तो मेल मला आजही प्रिय आहे.

नोटपॅडप्रेमी:

याचा जुळा भाऊ म्हणजे नोटपॅडवाला! 'बुश हिड द फॅक्ट्स' (बुशने सत्य दडवलं) असं इंग्रजीत टाइप करून सेव्ह करायचं, बंद करायचं, परत उघडायचं, वाक्य गायब आणि जागी चौकोन चौकोन. सायबर कॅफेत चिनी फाँट टाकलेला नसायचा म्हणून चौकोन, ज्यांच्याकडे फाँट होता त्यांना चिनी अक्षरं दिसायची. केवढ्या कहाण्या रचल्या होत्या लोकांनी त्यावर, अमेरिकेचं कारस्थान वगैरे. खरं कारण साधं होतं. फाइल कुठल्या पद्धतीने लिहिलीय हे नोटपॅड अंदाजाने ठरवायचं आणि चार-तीन-तीन-पाच अक्षरांच्या अशा काही वाक्यांना तो अंदाज चुकून त्याला ते युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीची पद्धत, वाटायचं, मग दोन दोन अक्षरं एकत्र धरून एक एक चिनी अक्षर. विंडोज व्हिस्टापासून ते दुरुस्त झालं. आम्हाला हे कॅफेच्या मालकाने दाखवलं होतं, आणि दाखवण्यात गेलेली पाच मिनिटं त्याने आमच्या तासातून वगळली होती!

न्यूजर्सीकर:

मी जरा मागचं लिहितो. १९९०च्या दशकात मी इकडे शिकायला आलो तेव्हा ब्राउझर नवीन होता आणि आमचं सगळं चालायचं यूजनेटवर, म्हणजे विषयवार गटांत संदेश टाकायच्या जुन्या जाळ्यावर. सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी असा न्यूजग्रुप होता, रोमन लिपीत मराठी टाइप करायचं, आणि घरापासून इतक्या लांब कोणीतरी पिठलं-भाकरीवरून भांडतंय हे वाचूनसुद्धा बरं वाटायचं. तिथल्या जुन्या लोकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे गॉडविनचा नियम, माइक गॉडविन यांनी १९९० मध्ये मांडलेला, वाद लांबत गेला की कोणीतरी कोणाची तरी तुलना हिटलरशी करणारच. दुसरी म्हणजे न संपणारा सप्टेंबर. अमेरिकेत दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवीन पोरं यायची, त्यांना फुकट यूजनेट मिळायचं, महिनाभर गोंधळ घालायची आणि मग रीतभात शिकून शांत व्हायची. १९९३ नंतर एओएलसारख्या घरोघरी नेट देणाऱ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं अशी लोंढ्याने आली की जुन्या मंडळींनी जाहीर केलं, हा सप्टेंबर आता संपत नाही. हे मला एका सीनियरने समजावलं, आणि समजावताना म्हणाला, तूही त्याच सप्टेंबरचा आहेस पण राहा, आम्हाला चालेल. किती मोठ्या मनाचा माणूस.

आणि स्मायली! तिची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवरच्या चर्चेच्या बोर्डावर लोक फिजिक्सचे काल्पनिक प्रश्न रंगवत होते, लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या मेणबत्तीचं काय होईल, पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल. एकाने गमतीत लिहिलं की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडलाय, सावधान. काही जणांना ते खरंच वाटलं. मग चर्चा सुरू झाली की गंमत आहे हे कळावं म्हणून काहीतरी खूण पाहिजे, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, हे वापरा :-) आणि मान कलती करून वाचा. ती मूळ पोस्ट हरवली होती, २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेपांवरून शोधून काढली. आपल्याकडे मायबोली या मराठी साइटवर लोक 'दिवा घ्या' (म्हणजे लाइटली घ्या) म्हणायचे ते त्याचंच घरचं रूप. चेष्टा केली, पण मन दुखवायचं नाहीये, हे सांगायची गरज सगळ्यांनाच पडली.

परभणीचा:

मला एका विनोदाबद्दल लिहायचंय आणि जरा गंभीरपणे लिहायचंय. 'फ्रँडशिप'. ऑर्कुटवर, म्हणजे फेसबुकच्या आधी आपल्याकडे गाजलेल्या सोशल साइटवर, असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अनोळखी मुलगा अनोळखी मुलीला स्क्रॅप (तिच्या पानावर संदेश) टाकतो, मोडक्या इंग्रजीत, माझ्याशी फ्रँडशिप करशील का, आणि मग त्या स्क्रॅपचे स्क्रीनशॉट फिरतात, त्याची कम्युनिटी निघते, आणि शहरातली मुलं एकमेकांना मुद्दाम तसं लिहून हसतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. कॅफेत बसणारे आमचे दोस्त त्याच इंग्रजीत लिहायचे, कारण दुसरं इंग्रजी कोणी शिकवलंच नव्हतं, आणि ऑर्कुटवर मराठीत लिहायचं तर टाइप कसं करायचं ते माहीत नव्हतं. पुण्यात होस्टेलवर आलो तेव्हा रूममधली पोरं त्या स्क्रॅपवर हसत होती आणि मला त्यात आमच्या गल्लीतली पोरं दिसत होती. माझं मत असं की त्या विनोदात वागण्यावर हसणं कमी होतं आणि भाषेवर हसणं जास्त.

जगभर हे आधी एकदा झालं होतं हे नंतर वाचलं. १९९९ मध्ये तुर्कस्तानातल्या इझमीरच्या माहिर चागरी यांचं होमपेज गाजलं, मोडकं इंग्रजी, अकॉर्डियन वाजवतानाचा फोटो, टेबल टेनिस खेळतानाचा फोटो, आणि सगळ्या जगाला 'आय किस यू'. लाखो लोक हसले, पण त्यांच्या मोकळेपणावर लोकांचं प्रेमही बसलं आणि त्यांना अमेरिकेत बोलावणं आलं. आमच्या पोरांना कोणी बोलावलं नाही.

ठाणेकरीण:

परभणीचा, तुमचं भाषेबद्दलचं अगदी पटलं. पण दुसरी बाजू मला लिहायलाच पाहिजे. याहू चॅटवर मुलीच्या नावाने आत गेलं की सेकंदात खिडक्यांवर खिडक्या उघडायच्या आणि प्रत्येकात तेच, एएसएल प्लीज, म्हणजे वय, लिंग, गाव सांगा. उत्तर नाही दिलं की बझ, सगळी खिडकी थरथरायची. त्यात उत्तम इंग्रजी लिहिणारे शहरीसुद्धा भरपूर होते, आणि ते जास्त चिकट असायचे. आम्ही मैत्रिणी एका केबिनमध्ये तिघी बसायचो आणि उत्तर ठरलेलं होतं, वय ८४, आजी, पंढरपूर. नव्वद टक्के पळायचे. एकाने मात्र विचारलं, आजी, यंदा वारीला गर्दी कशी होती? त्याच्याशी आम्ही तासभर पंढरपूरच्याच गप्पा मारल्या. तो सोलापूरचा होता, त्याला खरंच वारीबद्दल बोलायचं होतं. म्हणजे विनोद ढाल म्हणून वापरला आणि त्यातूनच बरा माणूस सापडला, असंही व्हायचं.

लेखापाल_निवृत्त:

आमच्या ऑफिसात ईमेल आले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं होतं, ही तर संतोषी मातेची पोस्टकार्डं. इतक्या जणांना पाठवा नाहीतर अमुक होईल. फरक एवढाच की आता मेल पुढे पाठवला की पैसे बिल गेट्स देणार होते, तो मेल १९९७ पासून फिरतोय. मला जास्त आठवतो तो २००२ चा टेडीवाला. मेलमध्ये लिहिलेलं की तुमच्या मशिनवर अमुक नावाची फाइल शोधा, तिचं चित्र छोट्या अस्वलाचं आहे, तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसला सापडत नाही, लगेच डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. आता गंमत अशी की शोधलं की फाइल खरंच सापडायची आणि अस्वलही खरंच असायचं! कारण ती विंडोजचीच फाइल होती, जावाच्या कामाची, प्रत्येकाकडे असायचीच. आमच्या विभागात डिलीट करायची धांदल उडाली, पण आमच्यातल्या एका बाईंनी, त्या तेव्हा नुकत्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या, सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, व्हायरस स्वतःचं इतकं गोड चित्र लावून कशाला बसेल, आधी चौकशी करू. आणि त्यांनी खरंच फोन करून चौकशी केली. आज व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डांच्या बाबतीत मला त्या बाईंची फार गरज वाटते.

म्युनिकवरून:

तुनक तुनक तुन!!! कोणीच कसं लिहिलं नाही? दलेर मेहंदींचं १९९८ चं गाणं. आपण टीव्हीवर बघून विसरलो पण नेटवर ते कायम राहिलं. मी इकडे शिकायला आलो तेव्हा होस्टेलच्या किचनमध्ये एक पोलिश आणि एक ब्राझिलियन मुलगा, भारताबद्दल दोघांना काडीची माहिती नाही, पण मी भारताचा म्हटल्यावर दोघांनी हात वर करून तो नाच सुरू केला. मला आधी कळेचना. मग त्यांनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि मी त्यांना त्याची गोष्ट सांगितली, की दलेरवर टीका व्हायची, तुमची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे, म्हणून त्यांनी या व्हिडिओत फक्त स्वतःलाच घेतलं, चार वेगवेगळ्या रंगांच्या पगड्या घालून चार दलेर. पोलिश मुलगा म्हणाला, म्हणून तर तो असा नाचतो! वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये ड्रेनाय जातीचा पुरुष नाचतो तोही हाच नाच, २००७ पासून. लोक त्याला हसतात म्हणून काहींना राग येतो, मला अजिबात येत नाही. त्या किचनमधलं हसू आनंदाचं होतं, मी समोर होतो.

टेस्टर_पुणे:

आमच्याकडे 'ऑल युअर बेस'. झिरो विंग नावाच्या जपानी गेमच्या, मेगा ड्राइव्ह या गेमच्या मशिनवरच्या इंग्रजी आवृत्तीतलं वाक्य, 'ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस', म्हणजे तुमचे सगळे तळ आता आमचे, पण व्याकरण पार कोसळलेलं. २००१ च्या सुरुवातीला फ्लॅश व्हिडिओ आला आणि आमच्या टीममध्ये बिल्ड फुटला, म्हणजे कोणाच्या चुकीने सगळं सॉफ्टवेअर जुळेनासं झालं, की फोडणारा तेच वाक्य बोर्डावर लिहायचा. डॉट-कॉम म्हणजे इंटरनेट कंपन्या बुडत होत्या, रोज कोणाची तरी नोकरी गेल्याची बातमी, आणि त्या दिवसांत रोज एकदा तरी सगळे एकत्र हसायचे ते या वाक्याला. बाकी काही नाही, एवढंच लिहायचं होतं.

नारायणपेठ:

पुणेरी पाट्या! डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि लोक गल्लोगल्ली पाट्यांचे फोटो काढायला लागले, मग मेल, मग ऑर्कुटचे अल्बम. माझ्या मते मराठीतलं पहिलं खरं मीम हेच, आणि ते नेटवर जन्मलेलंच नाही, दारावर जन्मलं. आमच्या वाड्याच्या दारावर आजोबांनी स्वतः लिहिलेली पाटी होती, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही घरात आहोत, हिमालयात नाही.' कोणीतरी फोटो काढला आणि काही वर्षांनी तो मला दुबईच्या एका मित्राकडून फॉरवर्ड होऊन आला, खाली लिहिलेलं, हे बघ तुमचं पुणं! मी आजोबांना प्रिंट काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली आणि म्हणाले, फोटोत पूर्णविराम दिसत नाही, पुन्हा काढायला सांग.

ऑर्कुटवाली:

नारायणपेठ, आजोबांना साष्टांग नमस्कार!! ऑर्कुटचा विषय निघालाच आहे तर 'बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू.' आठवतंय का? साइट अडली की हे वाक्य यायचं. आम्ही तेव्हा डोनट कधी खाल्लाही नव्हता, पण हॉस्टेलवर मेसची भाजी जळली की म्हणायचो, आज डोनट नाही. २०१४ च्या ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद झालं त्या रात्री आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज हाच आला.

एसटीची_लेक:

आमच्याकडे नेट उशिरा आलं, त्यामुळे माझे विनोद एसएमएसवरचे, पण हॉलिवूडचा मारधाडवाला नट चक नॉरिस याच्या अचाट ताकदीचे विनोद २००५ च्या सुमारास नेटवर सुरू झाले आणि आपल्याकडे येऊन रजनीकांतचे झाले, म्हणून इथे चालतील असं धरते. बाबा एसटीत कंडक्टर. रजनीकांत म्हणजे मूळचा शिवाजीराव गायकवाड, घरचा मराठी, आणि बेंगळुरूत बसवर कंडक्टर होता, त्यामुळे डेपोत त्याला आपला माणूसच मानायचे. कॉलेजात मैत्रिणींकडून एसएमएस आले की मी ते संध्याकाळी बाबांना वाचून दाखवायचे, बाबा ते दुसऱ्या दिवशी डेपोत सांगायचे, आणि तिकडून नवीन घेऊन यायचे, डेपोतच बनवलेले, जे कुठल्याही फोनवर आलेले नव्हते. मग ते मी मैत्रिणींना पाठवायचे. सणाच्या दिवशी स्वस्त एसएमएसचा पॅक चालत नसे, एकेका मेसेजला पूर्ण पैसे पडायचे, तरी पाठवायचे. बाबांचा स्वतःचा एक होता, तो नंतर मला नागपूरच्या एका मुलीकडून परत आला तेव्हा त्यांनी सगळ्या डेपोला चहा पाजला. तो असा: रजनीकांतने डबल बेल दिली की गाडी जागेवरच राहते, गाव पुढे सरकतं.