गणिताची पीपीटी मोबाईलवर विस्कटते, मुलांना पाठवायची कशी?

खडूफळा:
नमस्कार मंडळी, दहावीला गणित शिकवतो. वर्गसमीकरणांची पीपीटी केलीय, सूत्रं पॉवरपॉइंटच्याच इक्वेशन टूलने टाकलीत. लॅपटॉपवर झकास दिसते पण ग्रुपवर टाकली की निम्म्या मुलांच्या फोनवर वर्गमूळाचं चिन्ह एकीकडे आणि आतलं सगळं भलतीकडे, काहींना तर नुसते चौकोन. त्यात काही जुन्या स्लाइड्स एका सरांकडून घेतल्यात, तिथे 'विवेचक' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. पीडीएफ केली तर एकेक पायरी येण्याचं ॲनिमेशन जातं आणि सगळं एकावर एक चढून बसतं. मुलांकडे फोनच आहेत, लॅपटॉप कुणाकडेच नाही. काय करू?

कोटिज्या:
सर, पीपीटीमध्ये साधारणपणे फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. पॉवरपॉइंटची सूत्रं कॅम्ब्रिया मॅथमध्ये असतात, तो अँड्रॉइडवर नसतो, मग ॲप जो हाताला लागेल तो फॉन्ट लावतं. त्यामुळे पाठवायची ती पीडीएफच, फॉन्ट तिच्या पोटातच जातो. एक्सपोर्ट करताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ/ए वर टिक करा म्हणजे नक्की जातो.
ॲनिमेशनचं असं करा, आधी पूर्ण सोडवलेली स्लाइड बनवा, ॲनिमेशन काढून टाका, कंट्रोल डी ने कॉपी करा आणि वरच्या कॉपीतली शेवटची पायरी उडवा, परत तिची कॉपी, परत एक पायरी उडवा, असं उलटं मागे मागे जायचं. सगळं जागच्या जागी राहतं त्यामुळे फोनवर पानं सरकवली की पायऱ्या एकेक करून आल्यासारख्याच वाटतात. पानं वाढतात, वाढू देत.

बिनधास्त_बीजगणित:
एवढा खटाटोप कशाला, गुगल स्लाइड्समध्ये टाका आणि लिंक द्या की

कोटिज्या:
अहो गुगल डॉक्समध्ये इक्वेशनची सोय आहे, स्लाइड्समध्ये नाही. तिथे तुमचं सूत्र चित्र होऊन बसतं, बघायला ठीक, पण नंतर एक चिन्ह बदलायचं म्हटलं तरी बोंब.

लेटेकवाला:
बीमर शिका सर, लेटेक या सूत्रं टाइप करायच्या प्रणालीतलं स्लाइड्स बनवायचं पॅकेज आहे ते!! थेट पीडीएफच निघते, पॉज लिहिलं की प्रत्येक पायरीचं वेगळं पान आपोआप, आणि प्रिंटसाठी हँडआउट मोड लावला की सगळ्या पायऱ्या परत एका पानावर. टिल टांटाऊने 2003 मध्ये स्वतःच्या पीएचडीच्या प्रेझेंटेशनसाठी बनवलेलं आहे. मराठीसाठी झीलेटेक (युनिकोड चालणारं लेटेक) आणि कुठलाही युनिकोड फॉन्ट, चालतं.

बिनधास्त_बीजगणित:
सरांना पोर्शन संपवायचाय दादा, पीएचडी नाही करायची 😄

शून्यलब्धी:
मराठीच्या काल्याबद्दल कुणी बोललंच नाही. त्या स्लाइड्स श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या असणार, त्यात मराठी अक्षरं इंग्रजीच्या कोडवर बसवलेली असतात, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण सगळी स्लाइड एकदम टाकू नका हं, मजकुरात साधं टाइप केलेले एक्स, ए, बी पण तो मराठी अक्षरं समजून बदलून टाकतो आणि समीकरणाचं वाटोळं होतं. फक्त मराठी वाक्यं उचला, नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.
आणि ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, स्क्रीनशॉट नको. फोटो दाबला जातो आणि घातांक वाचताच येत नाहीत.

खडूफळा:
पीडीएफ/ए करून दोन मुलांना पाठवली, सूत्रं शाबूत आहेत 🙏 पण त्या जुन्या स्लाइडमधल्या सूत्रावर डबल क्लिक केलं तर उघडतच नाही, ते का?

शून्यलब्धी:
ते इक्वेशन एडिटर 3.0 चं, म्हणजे ऑफिसमधल्या सूत्रं लिहायच्या जुन्या साधनाचं असेल, मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी 2018 मध्ये काढून टाकलं. दिसतं, पण बदलता येत नाही. मॅथटाइप (सूत्रं लिहायचं वेगळं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात उघडतं. नसेल तर नव्याने टाइप करा, ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की इक्वेशनचा डबा येतो, वर्गसमीकरणाचं सूत्र तर इन्सर्ट मेन्यूत तयारच मिळेल.