चाचणीत चौकोनी कागद मागणं म्हणजे सवलत का?

पाचवीतल्याची आई: लेक 27 गुणिले 14 तोंडी सांगतो. कागदावर मांडलं की एकक दशकाखाली, हातचा भलत्याच अंकावर. तपासणीत डिसग्राफिया (हातानं लिहिण्या-मांडण्यातली अडचण) निघाला. थेरपिस्टनी चौकोनी वही (एका घरात एकच अंक), पेन्सिलीला रबरी ग्रिप आणि वही तिरकी ठेवायला उतरती फळी सुचवली. घरी गुणाकार सुटायला लागले. शाळेनं चाचणीला मात्र कोराच कागद दिला, "सवय लागेल" म्हणून. गुणाकार तपासायचाय की रकाने?

फळा-खडू: ताई, 22 वर्षं शिकवतेय. वर्गात 58 मुलं. एकाला वेगळा कागद दिला की दुसऱ्या दिवशी चार पालक दारात. आणि रोज दहा ओळी गिरवून अक्षर लागलेली मुलं मी पाहिलीत. ग्रिप दिली की ती धडपडच थांबते. दहावीला तीन तास कसा लिहिणार?

डावखुरा: बाई, त्या दहा ओळी मीही गिरवल्या. शिरोरेखा शब्दाच्या मधूनच जायची, मनगट इतकं दुखायचं की रात्री भाकरी मोडवत नसे. भूमितीत पट्टी धरली की कागद सरकायचा, कागद धरला की पट्टी. खाली न घसरणारी रबरी चटई एवढंच हवं होतं, ते मला तिशीत कळलं. धडपड कमी पडली नव्हती हो.

कलम१७: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिसग्राफिया त्यातच येतो. जादा वेळ आणि लेखनिक कलम 17 मध्ये आहेत. 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडणं) असलेल्या उमेदवाराला किमान 40 टक्के अपंगत्वाची अट न लावता लेखनिक मिळवून दिला. इथे तर नुसता आखलेला कागद मागितलाय.

फळा-खडू: लेखनिकाचं मला अजून पटत नाही. आकृती दुसऱ्याला सांगून काढायची म्हणजे मुलाचे दुप्पट हाल. ग्रिपबद्दलही मत तेच. पण डावखुरा, तुमचं मनगटाचं वाचून थांबले. माझ्याही वर्गात एक आहे, त्याला मी सावकाश म्हणत आले. चौकोनी कागद अख्ख्या वर्गालाच दिला तर? मग पालक कशाला भांडतील?

पाचवीतल्याची आई: बाई, हेच उद्या आमच्या वर्गशिक्षिकांना सांगते. सोमवारी अपूर्णांकांची चाचणी आहे. सगळ्या वर्गाचे कागद मी आणून देईन.