दादाची बोट पनामाच्या झेंड्याची, उभी शारजाला. कायदा कुठल्या देशाचा आणि तो शोधायचा कुठे?

दाभोळची_लेक

नमस्कार. मी दाभोळची, रत्नागिरीत एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा दादा बोटीवर ऑइलर (इंजिनरूममधला खलाशी) आहे. फेब्रुवारीपासून पगार नाही, जूनअखेर पाच महिने झाले. बोट शारजाबाहेर नांगर टाकून उभी आहे. मालक फोन उचलत नाही. ज्या एजंटाने नवी मुंबईतून पाठवलं तो "कंपनीशी बोलणं चालू आहे" एवढंच सांगतो. पिण्याचं पाणी मोजून मिळतंय. फोन लागला की आई आधी "जेवलास ना रे?" विचारते. तो "हो" म्हणतो, पण म्हणायला थोडा वेळ लावतो.

बोटीच्या मागच्या बाजूला पनामा लिहिलंय. मालकाचं ऑफिस तिसऱ्याच देशात. करारावर सही मुंबईत झाली. कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतात तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं कलम ३८, करार, रूढी, सामान्य तत्त्वं असा. पेपर मी लिहीन. पण प्रत्यक्षात कुठला कायदा उघडायचा ते कळत नाही. तीन रात्री नेटवर शोधतेय. एक साइट म्हणते दोन महिने पगार थकला की बोट सोडून दिली असं धरतात, दुसरी म्हणते तीन. अमिरातीचा सागरी कायदा म्हणून जो सापडला तो १९८१ चा. कशावर विश्वास ठेवायचा? वकिलांकडे जाणारच आहे, पण रिकाम्या हाताने जायचं नाही.

मालवणचो_गाबीत

बाय, माका कायद्यातला काय कळणा नाय, पण एक सांगतंय. माझो भाचो असोच अडाकलेलो. भावाक सांग, कराराची सगळी पानां, पगाराचे कागद, सीडीसी (खलाशाचा पुस्तक), सगळ्याचे फोटो काढून आजच घराक धाड. मोबाईलाची बॅटरी संपली काय मग कोण देणार? आणि "सगळो पगार मिळालो" असा लिवलेल्या कागदार सही करू नको म्हणान सांग. भाच्यान घराक येवच्या घाईत केल्यान, मागसून लय त्रास झालो.

रत्नागिरी_कोर्टातला

ताई, वर लिहिलंय ते आधी करा. कायदा नंतर.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही "कायदा कुठला" असं एकवचनात विचारताय, घोळ तिथूनच सुरू होतो. दादांच्या बोटीवर एकाच वेळी चार कायदे आहेत: झेंड्याचा, म्हणजे बोट जिथे नोंदलीय त्या पनामाचा, ज्या पाण्यात उभी आहे तिथला म्हणजे अमिरातीचा, एजंटापुरता भारताचा, आणि या सगळ्यांवरून जाणारा, खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६. बोटीवरचे त्याला एमएलसी म्हणतात. सुरुवात त्याच्यापासून करा.

तो कुणाच्या ब्लॉगवर वाचू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची नॉर्मलेक्स नावाची मोफत साइट आहे, मूळ मजकूर तिथे आहे. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही पाठ सारखेच अधिकृत, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न येत नाही. उघडल्यावर दोन भाग दिसतील. ए भागातलं देशांवर बंधनकारक, बी भागातलं मार्गदर्शन. नवीन मुलं बी भागातलं वाक्य उचलून "कायदा सांगतो" म्हणून लिहितात आणि समोरचा वकील तिथेच धरतो. तुम्हाला हवं ते ए २.५.२. हे २००६ च्या मूळ मजकुरात नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीने आलं आणि १८ जानेवारी २०१७ पासून लागू झालं. म्हणून जुनी पीडीएफ उतरवलीत तर शोधून सापडणार नाही. त्यात स्पष्ट आहे: करारातला पगार निदान दोन महिने दिला नाही, किंवा खाणंपिणं, इंधन, औषधपाणी पुरवलं नाही, किंवा घरी पाठवायचा खर्च उचलला नाही, किंवा मालकाने एकतर्फी संबंध तोडले, यातलं एक जरी झालं तर खलाशी वाऱ्यावर सोडला असं धरायचं. तेव्हा दोन महिने. तीनवाली साइट बंद करा.

नॉर्मलेक्सवरच प्रत्येक देशाचं पान आहे. पनामाचं उघडा, मंजुरीची तारीख बघा, दुरुस्त्या स्वीकारल्यात का तेही तिथेच कळतं. तसंच अमिरातीचं बघा. देशाने सही केली म्हणजे मंजुरी दिली असं नाही. आणि मंजुरी दिली तरी दुरुस्ती लागू आहेच असं धरू नका, तारीख डोळ्यांनी बघा.

१९८१ च्या कायद्याबद्दल मनापासून सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. एका पक्षकाराला अमिरातीच्या सागरी कायद्याबद्दल लेखी मत दिलं. नीट भाषांतर, कलमांचे क्रमांक, सगळं होतं. फक्त तो कायदा तेव्हा रद्द झाला होता. त्याच्या जागी २०२३ चा संघीय हुकूम-कायदा क्र. ४३ आलाय, २९ मार्च २०२४ पासून लागू. माझ्या पक्षकाराचे तीन आठवडे त्यात गेले, आणि तोही बोटीवरच अडकलेला होता. तेव्हापासून परदेशी कायदा हातात आला की आधी शेवटचं पान बघतो: कधीचा, कशाने रद्द, आज जिवंत आहे का. अमिरात सरकारचं स्वतःचं विधी पोर्टल आहे, तिथून घ्या. अधिकृत पाठ अरबी, इंग्रजी फक्त समजण्यापुरतं. पनामाचं तसंच, मूळ स्पॅनिश. खलाशांच्या नोकरीचा त्यांचा कायदा १९९८ चा हुकूम-कायदा क्र. ८.

भारताच्या बाजूने मर्चंट शिपिंगचे २०१६ चे मेरीटाइम लेबर नियम आणि एजंटाचा आरपीएसएल परवाना (खलाशी भरती करायचा सरकारी परवाना) बघा. परवाना नसेल तर डीजी शिपिंगकडे (केंद्राच्या जहाज खात्याकडे) तक्रार वेगळी होते. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केलाय, म्हणून इथेही राजपत्र बघितल्याशिवाय कलम लिहू नका.

आणि आपल्या कोर्टात परदेशी कायदा हा वस्तुस्थितीसारखा सिद्ध करावा लागतो. न्यायाधीशांना पनामाचा कायदा माहीत असेल असं कुणी धरत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ३९, तज्ज्ञाचं मत. नेटवरचं छापून जोडलं म्हणजे झालं नाही.

माजी_सेकंड_इंजिनियर

बोटीचा आयएमओ नंबर घ्या, सात आकडी असतो. नाव बदलतं, झेंडा बदलतो, नंबर तोच राहतो. इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या साइटवर मोफत खातं उघडून तो टाका: मालक, मॅनेजर, विमा क्लब दिसेल. मग मालकाच्या बाकीच्या बोटी शोधा. त्यातली एखादी न्हावाशेवाला लागली तर २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याखाली मुंबई हायकोर्टातून तिच्या अटकेचा आदेश मागता येतो. ते वकील साहेब सांगतील.

आणि मेसरूममधला नोटीस बोर्ड. ए २.५.२ चं आर्थिक हमीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावणं सक्तीचं आहे. विमा देणाऱ्याचं नाव आणि संपर्क त्यावरच असतो. खलाशी थेट त्यांच्याकडे मागणी करू शकतो, मालकाला विचारायची गरज नाही.

रत्नागिरी_कोर्टातला

इंजिनियर साहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. ताई, एक बारीक गोष्ट: त्या हमीतून थकलेला पगार जास्तीत जास्त चार महिन्यांचा मिळतो. परतीचा आणि जेवणाखाण्याचा खर्च वेगळा. तुमचे पाच महिने झालेत. पाचवा महिना, आणि पुढे थकेल तो, बोटीवरच्या हक्कातून, म्हणजे पगारासाठी बोटीवरच दावा लावून, मागावा लागेल. म्हणून दोन्ही कागद वेगळे तयार करा.

दाभोळची_लेक

तुम्हा सगळ्यांचे उपकार मानते.

काल रात्री दादाचा फोन लागला. प्रमाणपत्र मेसरूममध्येच होतं, जेवणाच्या वेळापत्रकाच्या मागे टाचलेलं. कुणी वाचलंच नव्हतं. फोटो पुसट आहे, तीनदा काढायला लावला. मुदत पुढच्या २० फेब्रुवारीपर्यंत. आधी वाटलं मालकाने प्रीमियम बुडवला असेल तर संपलंच. मग ए २.५.२ पुन्हा वाचलं: मुदतीआधी हमी बंद करायची तर विमा कंपनीने झेंड्याच्या देशाला तीस दिवस आधी कळवावं लागतं. हे मी मूळ मजकुरात वाचलंय, ब्लॉगवर नाही.

पनामाचं आणि अमिरातीचं, दोन्ही पानं नॉर्मलेक्सवरून तारखेसह छापून घेतली. दादासोबतच्या आणखी सहा जणांची नावं आणि सह्या तो आज गोळा करतोय. त्यातला एक देवगडचा आहे, त्याच्या घरी कुणाला काहीच माहीत नव्हतं, त्यांनाही मीच फोन केला. मुंबईला नुसीच्या (खलाशांच्या युनियनच्या) ऑफिसातही बोलले, त्यांनी कागद पाठवायला सांगितलेत. विमा कंपनीला मेल तयार आहे, दादाच्या नावाने, त्यानेच वाचून दाखव म्हणून सांगितलंय. सकाळी नेट लागलं की त्याला वाचून दाखवते आणि पाठवते.