लिलियन वॉल्डने नक्की काय वेगळं केलं?

सिस्टर_सातारकर
आमच्या कम्युनिटी हेल्थच्या पेपरला अमेरिकन नर्स लिलियन वॉल्ड येते पण पुस्तकात दोनच ओळी, न्यूयॉर्क, हेन्री स्ट्रीट, १८९३, संपलं. नाइटिंगेल सगळ्यांना माहीत, हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. घरोघरी जाणाऱ्या नर्सेस हिच्याआधीपण असतीलच ना? सध्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पोस्टिंग आहे, रोज होम व्हिजिट असतात, त्यामुळे परीक्षेपुरतं नकोय, नीट समजून घ्यायचंय.

अनघा_वाचते
होत्या की, इंग्लंडात लिव्हरपूलला विल्यम रॅथबोनने १८५९ मध्येच डिस्ट्रिक्ट नर्सिंग, म्हणजे घरोघरी जाऊन शुश्रूषा, सुरू केलेलं. वॉल्ड खात्यापित्या ज्यू घरातली, १८९१ ला नर्सिंग झालं, मग डॉक्टर व्हायचं म्हणून मेडिकलला गेली आणि न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत बाहेरदेशांतून आलेल्या बायकांना घरच्या शुश्रूषेचे धडे द्यायची. एकदा वर्ग चालू असताना एक लहान मुलगी बोलवायला आली, आई आजारी आहे म्हणून. जाऊन बघते तर लडलो स्ट्रीटवरच्या कोंदट इमारतीत बाळंतीण रक्ताने भरलेल्या अंथरुणात पडलेली, आणि डॉक्टर फी मिळेना म्हणून निघून गेलेला. वॉल्डने तिला स्वच्छ केलं, खोली आवरली, आणि त्यानंतर मेडिकल सोडूनच दिलं. मेरी ब्रूस्टर या नर्स मैत्रिणीला सोबत घेऊन १८९३ मध्ये त्याच वस्तीत राहायला गेली, १८९५ मध्ये जेकब शिफ या बँकरच्या मदतीने २६५ हेन्री स्ट्रीटचं घर मिळालं, तिथूनच तिच्या नर्सेसचं काम चालायचं. माझ्या मते वस्तीत राहायला जाणं हेच सगळ्यात मोठं, कारण मग नर्स म्हणजे शेजारीण, कोणीही थेट हाक मारायची, डॉक्टरची चिठ्ठी नको. ज्यांना जमेल ते थोडे सेंट द्यायचे, नसतील तर फुकट, पण आपल्याला कोणी भीक घालतंय असं वाटू नये हा त्यामागचा विचार. जिने चढउतर वाचावी म्हणून या नर्सेस गच्चीवरून गच्चीवर जायच्या!

मास्तर७२
शाळेचं राहिलं की. तेव्हा डॉक्टर शाळेत तपासून खरूज, उवा, ट्रॅकोमा (डोळ्यांचा संसर्ग) असलेली पोरं घरी पाठवायचे, पुढे उपचार कोणी करायचंच नाही आणि तीच पोरं रस्त्यावर बाकीच्यांबरोबर खेळायची. १९०२ मध्ये वॉल्डने लीना रॉजर्स ही आपली नर्स प्रयोग म्हणून ४ शाळांना दिली, ती मलम लावायची, घरी जाऊन आईला समजावायची. शहराने लगेच आणखी नर्सेस घेतल्या. सप्टेंबर १९०२ ला १०,००० च्या वर मुलं घरी पाठवलेली, वर्षाने त्याच महिन्यात जेमतेम १,१००. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, हजेरीचा पट बघणाऱ्याला विचारा या आकड्याची किंमत.

सिस्टर_सातारकर
बापरे, हे कुठेच नव्हतं! पण एवढ्या नर्सेसचे पगार कोण देत होतं?

अनघा_वाचते
बराचसा देणग्यांतून. शिवाय १९०९ मध्ये तिने मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला पटवलं की तुमच्या पॉलिसीवाल्या कामगारांकडे आमच्या नर्सेस जातील, माणसं कमी मेली तर क्लेमही कमी.

निळू_पाटील
आणि त्याच कंपनीने १९५३ मध्ये ती सेवा बंदही केली, हे विसरू नका. मला तिचं कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे. १९०६ मध्ये एलिझाबेथ टायलर या कृष्णवर्णीय नर्सला तिने कामावर घेतलं, त्या काळच्या अमेरिकेत! टायलरने कृष्णवर्णीय वस्तीत सेंटर उभं केलं. सिस्टर, पेपरात हे लिहाच, आणि १९१२ पण लिहा, पब्लिक हेल्थ नर्सेसची राष्ट्रीय संघटना निघाली तिची पहिली अध्यक्ष वॉल्डच.