शब्दचर्चा: पुस्तकामागची ‘प्रेरणा’ म्हणजे नेमकं काय?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. नाशिकच्या गंगापूर रोडला आमचा छोटासा वाचनकट्टा आहे आणि यंदा २७ फेब्रुवारीला, म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकरांच्या (कुसुमाग्रजांच्या) जयंतीला, मराठी पुस्तकांचं प्रदर्शन लावायचं ठरलंय. प्रत्येक पुस्तकापुढे पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्यावर लेखकाचं नाव आणि खाली ‘प्रेरणा’ लिहून एक ओळ. आयडिया माझीच, त्यामुळे लिहायलाही मलाच बसवलं. पहिली कार्डं झरझर झाली. ‘नटसम्राट’, प्रेरणा: शेक्सपियरचं किंग लिअर. ‘अधांतर’, प्रेरणा: गिरणी संप. ‘झाडाझडती’, प्रेरणा: धरणग्रस्त. ‘ब्र’, प्रेरणा: आदिवासी भागातल्या महिला सरपंच. मग कट्ट्यावरच्या एका रिटायर्ड मास्तरांनी अधांतरचं कार्ड उचललं आणि म्हणाले, अहो ताई, संपाने जयंत पवारांना सांगितलं होतं का नाटक लिहा म्हणून? माणसं देशोधडीला लागली त्याला प्रेरणा म्हणायचं? सगळे हसले, पण तेव्हापासून तो शब्द मला जिथेतिथे खटकायला लागलाय. एका कार्डावर दुसरं नाटक आहे, एकावर घटना, एकावर जितीजागती माणसं, आणि सगळ्यांना शब्द एकच. यासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत की मी उगाच कीस पाडतेय?

सिडकोकर:
उगाच पाडताय 😀 इन्स्पिरेशन म्हणजे प्रेरणा, विषय संपला. लेखक टीव्हीवर आला की पहिला प्रश्न तोच असतो, तुमची प्रेरणा कोण. आमच्या त्रिमूर्ती चौकात तर प्रत्येक वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘आमचे प्रेरणास्थान’ असतं आणि खाली गॉगलवाला फोटो, त्याच्याकडे बघून कुणी काय लिहिलं असेल देव जाणे.

कोर्टकचेरी:
सिडकोकर भाऊ, तो फ्लेक्सवाला माझा अशीलही असू शकतो, जपून. पण मास्तरांच्या बोलण्यात दम आहे. कायद्याच्या मराठीत एखाद्याला गुन्हा करायला चिथावणं, भरीस घालणं, त्याला शब्द आहे ‘अपप्रेरणा’. आम्ही रोज कागदावर लिहितो, आत्महत्येस अपप्रेरणा वगैरे. म्हणजे ‘कुणीतरी पुढे लोटलं म्हणून हे घडलं’ हा मूळ अर्थ तिथे अजून शाबूत आहे. संस्कृतात प्र आणि ईर्, म्हणजे हलवणं, चालवणं, कामाला लावणं. ‘ईश्वरी प्रेरणा’ म्हणतो तेव्हा हेच म्हणायचं असतं की करवून घेणारा तो आहे. त्या हिशोबाने प्रेरणा द्यायला कर्ता लागतो. संप हा काही कर्ता नाही, धरणही नाही.

गोदाकाठची:
अपप्रेरणा! हे कार्डावर लिहिलं तर काही पुस्तकांना चपखल बसेल 😄 बरं मग ‘स्फूर्ती’ चालेल का?

शेवटचा बाक:
ताई, स्फूर्ती आतली असते. स्फुर् म्हणजे थरथरणं, बाहू स्फुरतात, स्फुरण चढतं, ते कुणी बाहेरून देत नाही. त्यामुळे ‘कवी ना.धों. महानोरांकडून स्फूर्ती घेतली’ हे ऐकायला गोड लागतं पण अर्थाने लंगडं. आणि लेखकालाच विचाराल तर प्रेरणा नाही न् स्फूर्ती नाही, तो म्हणेल ‘सुचलं’. इतकं साधं क्रियापद आणि कर्तेपण स्वतःकडे घेतच नाही, मला सुचलं. मराठीने ते काम आधीच करून ठेवलंय.

पण तुमच्या यादीत एक शब्द राहिलाय आणि तो सगळ्यात कामाचा आहे, ‘निमित्त’. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकरांचं उदाहरण घ्या. २०२१ला आपल्या नाशकात साहित्य संमेलन झालं, आडगावला, त्याचे अध्यक्ष तेच होते, तब्येतीमुळे प्रत्यक्ष येता आलं नाही त्यांना. त्यांची पहिली मराठी विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. ती कशी लिहिली गेली हे त्यांनी सांगितलंय, कुठल्याशा परिसंवादात एक कंटाळवाणं भाषण चालू होतं, हे महाशय समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला लागले. मग मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती १९७४ साली पाठवली, आणि स्वतःच्या नावाने नाही तर ‘नारायण विनायक जगताप’ नावाने. ज.वि.ना. उलटे केले की ना.वि.ज. होतात ना! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंकडून लिहून घेतली. आणि पहिलं बक्षीस मिळालं. आता सांगा, तुमच्या कार्डावर काय लिहाल? प्रेरणा: कंटाळा? कंटाळा हे निमित्त. विज्ञान लोकांपर्यंत पोचवायची कळकळ हा हेतू. आणि त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल, जे स्वतः खगोलशास्त्रज्ञ असून ‘द ब्लॅक क्लाउड’सारखी कादंबरी लिहून बसले होते, शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिल्या तर काही बिघडत नाही हा धडा समोर होता, त्याला म्हणा प्रेरणा. एकाच गोष्टीच्या मागे तीन वेगळ्या चिजा आहेत आणि आपण तिन्ही एका पोत्यात भरतो.

टाकेटिपा:
मी शिलाईकाम करते म्हणून एका शब्दावर बोलायचा हक्क सांगते, ‘बेतलेलं’. सत्यघटनेवर बेतलेला सिनेमा, अमक्यावर बेतलेली कादंबरी. बेतणं म्हणजे आमच्याकडे माप घेऊन कापड कापायला मांडणं. खडूने खुणा करायच्या, शिवणीला दोन बोटं सोडायची, मगच कात्री. म्हणजे माप दुसऱ्याचं असतं पण कापड नवीन. पुस्तकाला हाच शब्द लावायचा तर माप कुणाचं घेतलंय ते दिसलं पाहिजे. आता तात्यासाहेबांचीच दोन नाटकं बघा. ‘राजमुकुट’ म्हणजे मॅकबेथ, ते सरळ रूपांतर आहे, माप तेच आणि कापड आपलं. ‘नटसम्राट’ला मी बेतलेलं म्हणणार नाही. लिअरला तीन मुली, नटसम्राट बेलवलकरांना एक मुलगा एक मुलगी. लिअर राज्य वाटतो, हे प्रॉव्हिडंट फंडाच्या जमान्यातले नट, घरदार पैसा देऊन बसतात. आणि सगळ्यात मोठा फरक कावेरी, बेलवलकरांची बायको, जिला ते ‘सरकार’ म्हणतात. लिअरची बायको नाटकात येतच नाही, आणि इथे ‘सरकार’ काढून टाका, बघा नाटकाचं काय उरतं. नवऱ्याला स्टेजवरून खाली आणून पाटावर बसवणारी ती एकटीच आहे. म्हणून लिअरचं माप घेऊन शिवलं असतं तर कावेरीला जागाच नव्हती.

सिडकोकर:
ताई मानलं. पण मग नटसम्राटच्या कार्डावर काय लिहायचं? प्रेरणाही नाही, बेतलेलंही नाही.

टाकेटिपा:
‘लिअरवरून सुचलेलं’. बस.

कोर्टकचेरी:
‘वरून’ला जरा वास येतो हां. ‘इंग्रजीवरून घेतलंय’ म्हटलं की ऐकणारा समजतो ढापलंय.

शेवटचा बाक:
‘घेतलंय’ला वास येतो हो, ‘वरून’ला नाही. ‘तुझ्यावरून आठवलं’ म्हणतो तेव्हा कोण चोरतं? खरं तर मला वाटतं या धाग्याचं उत्तर नामात शोधूच नये, शब्दयोगी अव्ययात शोधावं. कशावरून, कशातून, कशामुळे, कुणासाठी, कशावर. प्रेरणा हे नाम टाकलं की हे सगळे प्रश्न झाकले जातात, लेखकही सुटतो आणि मुलाखत घेणाराही. ‘आपली प्रेरणा काय’ या प्रश्नाला ‘समाज’ असं उत्तर देता येतं आणि टाळी पडते. ‘हे पुस्तक कशातून आलं’ असं विचारा, समाजातून म्हणून बघू दे, लगेच पुढचा प्रश्न येणार, म्हणजे कुठून?

अधांतरचंच घ्या. जयंत पवार गिरणगावात वाढले. संप १९८२चा आणि नाटक आलं नव्वदच्या दशकात. संपावर ते नाटक नाहीच मुळी, मोर्चा नाही, घोषणा नाही, धुरींचं एक घर आहे आणि संपाने त्या घरातली एकेक भिंत कशी आतून पोखरली ते आहे. तर ‘संपावरचं’ चूक, ‘संपामुळे’ अर्धवट, ‘संपानंतरच्या गिरणगावातून आलेलं’ हे बरोबर. मास्तरांना दाखवा, ते पास करतील.

गोदाकाठची:
मास्तर सहजासहजी कुणाला पास करत नाहीत. पण हे पटलं. एक शंका मात्र आहेच. धरणग्रस्तांचं काय? माझ्याकडे त्यावर दोन पुस्तकं आहेत, विश्वास पाटलांचं ‘झाडाझडती’ आणि कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’, एकाला साहित्य अकादमी १९९२ला आणि दुसऱ्याला २०२३ला. दोन्ही कार्डांवर तेच वाक्य येतंय. ‘धरणग्रस्तांच्या जगण्यातून आलेलं’. लोक म्हणतील बाईंनी कॉपी पेस्ट केलं.

शेवटचा बाक:
कारण तिथे तुम्ही विषय लिहिताय! विषय एक असला तरी पुस्तक एक नसतं. झाडाझडतीमध्ये सरकारी कागद आहे, भूसंपादन, मोबदला, पुनर्वसनाच्या फायली, दलाल, आणि ते लिहिणारा माणूस महसूल खात्यातला अधिकारी, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूने बघितलेलं आहे. रिंगाणमध्ये माणूस मागे सोडून आलेल्या म्हशीच्या शोधात परत त्या जंगलातल्या गावाकडे जातो आणि म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. तिथे फाईल नाही, जनावर आहे. एकाच धरणाच्या पाण्याकडे दोन काठांवरून बघणं झालं हे. कार्डावर तेवढा एक तपशील टाका, ‘फायलींमधून’ आणि ‘मागे राहिलेल्या म्हशीतून’. वाचणारा थांबेल.

सिडकोकर:
आणि आपण नाशिककर गंगापूर धरणाचं पाणी पीत पीत हे वाचणार. असो.

कोर्टकचेरी:
असो कशाला, बोललात ते बरं केलंत.

मला अजून एक वाटतं, हा शब्द कोण उच्चारतोय तेही बघावं. ‘प्रेरणा’ लेखक स्वतः सांगतो. ‘प्रभाव’ समीक्षक शोधून काढतो आणि लेखकाला तो बहुतेक वेळा आवडत नाही, नेमाड्यांच्या ‘कोसला’वर किती वर्षं लोक ‘कॅचर इन द राय’ ही इंग्रजी कादंबरी घेऊन बसलेत. ‘आधारित’ हा शब्द प्रकाशक नाहीतर निर्माता घालतो कारण उद्या कुणी कोर्टात गेलं तर. आणि ‘उचलेगिरी’ दुसरा लेखक म्हणतो. तुमच्या कार्डावर बोलणारं कोण आहे ताई? लेखक नाही, तुम्ही आहात. मग जिथे लेखकाने स्वतः सांगून ठेवलेलं आहे, जसं नारळीकरांनी, तिथेच प्रेरणा म्हणा. बाकी ठिकाणी तुम्ही वाचून काढलेला तो अंदाज आहे.

टाकेटिपा:
हे एकदम कोर्टातलं बोललात पण खरंय. ‘ब्र’चं काय करणार? मला ती कादंबरी फार जवळची आहे. कविता महाजनांना तर शीर्षकातच सगळं सापडलं होतं. ब्र काढायचा नाही असं बायकांना सांगितलं जातं, आणि इथे सरपंच झालेल्या बाया, सही कुठे करायची ते नवरा दाखवतो, खुर्चीत दुसराच बसतो, त्यांच्यापैकी एकेक जण ब्र काढते. त्या कार्डावर प्रेरणा बिरणा काही लिहू नका, नुसतं ‘ब्र’ म्हणजे काय ते लिहा.

गोदाकाठची:
ठरलं मग. ‘प्रेरणा’ ही ओळच काढून टाकते, त्या जागी ‘हे कुठून आलं?’ एवढंच छापते. आत्ता चार कार्डं नव्याने लिहिली. नटसम्राट: लिअरवरून सुचलेलं, पण कावेरी इथलीच. अधांतर: संपानंतरच्या गिरणगावातून. रिंगाण: मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधातून. कृष्णविवर: निमित्त कंटाळवाणं भाषण, प्रेरणा गुरू. आता फक्त नंदा खरेंचं ‘अंताजीची बखर’ अडलंय. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांचा काळ आहे, पण इतिहासातून आलेलं म्हटलं तर विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ही इतिहासातूनच आलंय.

शेवटचा बाक:
त्याला शब्द आहे, ‘बाज’. बखरीच्या बाजाची. खऱ्यांनी इतिहासातून घटना घेतल्या तशीच बखरकाराची भाषा आणि बढाईही घेतली, आणि ती उलटी फिरवली, कारण हा अंताजी वीर वगैरे नाही, हुशार आणि डांबरट माणूस आहे, जीव वाचवत मजल दरमजल करतोय. तिकडे बंगालात अजून पोराला झोपवताना ‘बर्गी आले’ म्हणून अंगाई म्हणतात, बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या पराक्रमाची ही बाजू ज्याला दिसली त्याने ती शाहिरी थाटात लिहिली असती तर पचली नसती, बखरीच्या बाजात लिहिली म्हणून हसत हसत आत जाते.

सिडकोकर:
बाज म्हणजे खाट ना?

कोर्टकचेरी:
तीही बाज, पण ती स्त्रीलिंगी, ती बाज. हा तो बाज, ढंग, घाट या अर्थाचा. कार्डावर ‘बखरीच्या बाजात’ लिहा, ‘बाजेवर’ नको. आणि ताई, कुठल्या कार्डावर स्फूर्ती राहिलीच तर एकटा शब्द दीर्घ, समासात ऱ्हस्व, म्हणजे ‘स्फूर्ती’ पण ‘स्फूर्तिस्थान’. मास्तर तिथेही धरतील.