शब्दचर्चा : १४२८५७ ही संख्या 'न्यून' कशी?

प्रश्न : १४२८५७ या संख्येला संयुक्त, न्यून, हर्षद, चक्रीय आणि कापरेकर अशी पाच विशेषणं लावलेली दिसली. 'संयुक्त' शाळेपासून माहीत आहे. पण जिला तब्बल ३२ विभाजक आहेत, ती 'न्यून' कशी? आणि ही सगळी विशेषणं एकाच जातीची मानायची का?

उत्तर : 'न्यून' हे विभाजक किती यावर ठरत नाही, त्यांची बेरीज किती भरते यावर ठरतं. संख्या स्वतः वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी पडली तर ती न्यून, जास्त झाली तर विपुल आणि तंतोतंत जुळली तर परिपूर्ण, जशी ६ किंवा २८. इथे १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. उरलेल्या ३१ विभाजकांची बेरीज ११२५०३ येते, म्हणजे ती कमीच पडते.

याउलट ९४५ घ्या. विभाजक फक्त १६, पण स्वतःला सोडून बेरीज ९७५, म्हणून ती विपुल. विषम संख्यांमधली ही सर्वांत लहान विपुल संख्या. फरक पडतो तो लहान अवयवांमुळे. ९४५ ला ३, ५, ७, ९ ने भाग जातो, त्यामुळे ३१५, १८९, १३५, १०५ असे घसघशीत विभाजक मिळतात. १४२८५७ ला ५ आणि ७ ने भाग जात नाही. ९ नंतरचा विभाजक थेट ११.

प्रश्न : मग हर्षद?

उत्तर : ही जात वेगळी, आणि माझ्या मते हाच भेद शिकवताना सर्वांत आधी सांगायला हवा. देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिलेलं हे नाव : हर्ष देणारी ती हर्षद. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला पाहिजे. १+४+२+८+५+७ = २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. झाली हर्षद! पण हीच संख्या आठच्या पायात, म्हणजे दहाऐवजी ० ते ७ हे आठच अंक वापरून लिहिली, की ४२७०११ होते. अंकांची बेरीज १५, आणि १५ ने तिला भाग जात नाही. संख्या तीच, हर्षदपण गेलं. म्हणजे हा गुण दशमान लेखनाचा.

चक्रीयही तसंच. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, सहापट ८५७१४२. तेच अंक त्याच क्रमाने फिरतात, कारण १/७ च्या दशांश रूपात हाच गट पुन्हा पुन्हा येतो. सातपट केली की ९९९९९९.

कापरेकर संख्येसाठी वर्ग करून त्याचे दोन तुकडे करायचे : २०४०८१२२४४९, म्हणजे २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. हेही दशमान लेखनावरच अवलंबून.

संयुक्त आणि न्यून मात्र कुठल्याही पायात लिहा, तशीच राहतात.