काजव्यांच्या हंगामातला पैसा गावात राहतो का?

सह्यवाट (धागाकर्ता)

मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवडे, भंडारदरा परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभळाची झाडे काजव्यांनी लखलखतात. नेमक्या त्याच दिवसांत, विशेषतः शनिवारी, मुंबई, पुणे आणि नाशिकहून आलेल्या गाड्यांची रांग घाटघर-रतनवाडीच्या अरुंद रस्त्यावर मध्यरात्रीपर्यंत अडकून पडते. पर्यटक बहुधा शहरातल्याच कुणाला आगाऊ पैसे भरून आलेला असतो, जलाशयाच्या काठी तंबूत झोपतो आणि सकाळी प्लॅस्टिकच्या बाटल्या मागे ठेवून निघून जातो. गावाच्या वाट्याला जागेचे भाडे, चहा-भाकरीची विक्री आणि चार पोरांची रखवालदारी, एवढेच येते.

माझे म्हणणे असे की एका रात्री किती माणसे घ्यायची, दर काय आणि कोणत्या घराची पाळी कधी, हे ग्रामसभेने ठरवावे आणि घरोघरी राहण्याची सोय नसेल त्या पाहुण्याला घेऊच नये. मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये याच्या जवळचे काही घडलेले आहे. तिथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले. जिथे पूर्वी अंडी चोरीला जात, तिथे आता घरटे राखण्यात गावाचाच फायदा आहे.

हिशेबी

वेळासचा दाखला मला येथे पटत नाही. कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दोरीमागे उभे राहून पाहता येतात, त्यामुळे गर्दीला शिस्त लावणे तुलनेने सोपे आहे. काजवे किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेले असतात, आणि एका गावाने पन्नास माणसांची मर्यादा घातली तर उरलेले शेजारच्या गावात तंबू ठोकतील. मर्यादा पाळणारा उपाशी आणि न पाळणारा तुपाशी, हीच त्याची परिणती होईल.

दुसरे, पाळी लावल्याने समानता येते हा भ्रम आहे. पाहुणा उतरतो तो पक्के घर, स्वच्छ संडास आणि गाडी लावायला अंगण असलेल्याकडेच. ज्याचे एका खोलीचे कुडाचे घर आहे, त्याची पाळी कागदावरच राहील. त्याला आज तंबूवाल्याकडून रोजंदारी मिळते, ती तुम्ही ‘गावाच्या हिताच्या’ नावाखाली बंद करायला निघाला आहात.

सह्यवाट

शेजारच्या गावाचा मुद्दा खरा आहे, पण म्हणूनच निर्णय एकट्या गावाने न घेता रस्त्यावरच्या साऱ्या गावांनी मिळून घ्यावा. कास पठारावर हे झाले आहे. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारसा दर्जा मिळाल्यानंतर तिथे फुलांपेक्षा माणसे अधिक दिसू लागली. पुढे दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेश शुल्क आले. तिकीट, वाहनतळ आणि मार्गदर्शनाचे काम आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पाहतात.

पानगळ

कासचे कौतुक करताना तिथले तारेचे कुंपणही आठवावे. ते गर्दी रोखण्यासाठी उभारले गेले, पण त्याने गुरांची चराई थांबली, आणि चराई थांबल्याने गवत माजून लहान फुलांची जागा जाते असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. अखेर ते काढावे लागले. समिती गावाची असली म्हणून प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होतो असे नाही. शिवाय भंडारदऱ्याचा हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळे ग्रामसभेने काहीही ठरवले तरी फाटकाची किल्ली वनविभागाकडेच राहणार. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा १९९६ पासून आहे, ग्रामसभेला अधिकारही आहेत. पण ते वापरण्यासाठी सभेला माणसे बसावी लागतात, आणि मेअखेरीस जो तो राब भाजून भाताच्या रोपाची तयारी करण्यात गुंतलेला असतो.

चुलीपाशी

मी गेली काही वर्षे घरी पाहुणे घेते, म्हणून दोन गोष्टी लिहिते. मे महिन्यात आमच्या वाडीला पाणी टँकरने येते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही म्हण आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आठ पाहुण्यांनी दोन-दोन बादल्यांनी आंघोळ केली की घरातल्यांचे त्या दिवसाचे धुणे राहते. दर ठरवताना हे पाणी कोणी धरले आहे का? मागच्या हंगामात एका आयोजकाने जेवणाचे पैसे ‘पुढच्या खेपेला’ म्हणून ठेवले आणि पुढची खेप आलीच नाही.

दुसरी गोष्ट कष्टाची. पहाटे उठून नागलीच्या भाकऱ्या थापायच्या, रात्री काजवे पाहून परतणाऱ्यांसाठी एक वाजेपर्यंत चूल पेटती ठेवायची, हे काम बायकांचे. पैसे मात्र ज्याचा फोन नंबर फलकावर आहे त्या पुरुषाच्या खात्यात जातात. गावाला फायदा झाला असे म्हणण्याआधी घरात कोणाला झाला ते विचारा. तरीही मला पाहुणे हवेत, कारण गेल्या वर्षी याच पैशांतून मुलीची वसतिगृहाची फी भरली. तंबूवाल्याकडच्या रोजंदारीत ते जमले नसते.

हिशेबी

ताई, तुमचा पाण्याचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पाळीबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे. पण प्रति पाहुणा टँकरचा खर्च दरात स्वतंत्र दाखवावा आणि जेवणाचे पैसे स्वयंपाक करणारीच्या खात्यात जावेत, एवढे दोन नियम ग्रामसभेने केले तर त्यांना माझा विरोध नाही.

सह्यवाट

आणि तिसरा नियम, गाडी गावाबाहेर थांबवून पुढे पायी चालत जायचे. काजव्यांचा प्रकाश हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो, आणि हेडलाइटच्या झोतात तो हरवतो. हा नियम लावायला खर्च काहीच नाही, फक्त रात्री आठ वाजता रस्त्यावर दांडकी घेऊन उभे राहणारी चार माणसे हवीत. कुडाच्या घरातल्या माणसाला तंबूवाल्याऐवजी ही रोजंदारी गावानेच का देऊ नये?